पैलवानाची मिठी

आमच्या वॉर्डबॉयला सगळे पैलवान म्हणत. त्याचं काम एकच, पोरं धरून ठेवणं. ज्यांना समजावून काही उपयोग नाही अशी पोरं. डॉक्टरांनी हाक मारली की हा बाह्या सरसावून हजर. गुडघा मांड्यांवर, पंजा कपाळावर. पोर चावायचं, ओरबाडायचं, किंचाळून निळं पडायचं. मनगटावरचे दातांचे व्रण तो बक्षिसं दाखवावीत तसे दाखवायचा. मला त्याची चीड यायची. पण सुई मीच टोचायचे, कोणत्या तोंडाने बोलणार?

गेल्या वर्षी दहा वर्षांच्या एका मुक्या मुलीला त्याने असंच दाबलं. तिने हिसडा दिला, सुई मांडीत वाकली, तिचा खांदा कटकन निखळला. "मी नीट धरलं होतं, तीच हलली," म्हणे!

परवा तीच पोर परत आली. कानात मणी रुतून पू वाहत होता. दुखणं सांगता येईना, म्हणून भिंतीवर डोकं आपटून तिने कपाळ फोडून घेतलं होतं. मणी काढताना हलली असती तर कानाचा पडदाच फाटला असता. नव्या डॉक्टरीणबाईंनी बिनसुईची सिरिंज काढली. दोन्ही नाकपुड्यांत गुंगीचा फवारा, वीस मिनिटं थांबायचं, बस.

"नाकात शिंतोडे उडवून पोरं झोपली असती, तर मी इथे उगाच केस पांढरे केले का?" पैलवान हसला आणि सवयीने पुढे झाला.

मुलीने त्याला पाहिलं मात्र! लाथेने ट्रे उडवला, आईच्या दंडाचा लचका तोडला आणि टेबलाखाली घुसून लोखंडी पायावर डोकं आपटायला लागली. आईने मध्ये हात घातला. तिची बोटं चेचली, तरी तिने हात काढला नाही.

"धरू का?" पैलवान ओरडला.

"तुम्ही आधी बाहेर व्हा!" डॉक्टरीणबाई खेकसल्या.

दार लागलं. हळूहळू आपटणं थांबलं. बाईंनी फरशीवर पालथं पडून, तिथेच टेबलाखाली, आईच्या मांडीवर डोकं टेकलेल्या पोरीच्या नाकात फवारा दिला. वीस मिनिटांनी पोर शांत पडली होती आणि मणी चिमट्यात होता.

मी बाहेर आले. पैलवानाचा चेहरा पांढराफटक.

"सिस्टर, आवाज का नाही येत? जिवंत आहे ना?"

"झोपलीय. मणी निघाला."

त्याने बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला वाटायचं, पोरं सुईला घाबरतात."

आणि बाह्या खाली ओढून, व्रण झाकून त्याने बटणं लावली. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि एक थोबाडीत द्यावीशीही.