मुद्देमालाला कुंकू

दसऱ्याला झेंडूचा वास आला की ती तलवार मला हटकून आठवते, आणि तिच्यापायी खाल्लेली बोलणीही.

मी तेव्हा गिरगावातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. एका जुन्या बंगल्यातून ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची तलवार चोरीला गेल्याची तक्रार आमच्याकडे होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी निनावी फोन आला, "आमच्या समोरच्या गॅलरीत एक म्हातारा रोज तलवारींना तेल चोळतो." निनावी खबरीमागे निम्म्या वेळा शेजाऱ्यांचं भांडण निघतं. तरी जावं लागतंच.

म्हातारा म्हणजे वाडीतले जुने ख्रिस्ती रहिवासी, निवृत्त ड्राफ्ट्समन. सगळे त्यांना अंकल म्हणत. कपाटात मलमलीत गुंडाळलेल्या सात तलवारी, सगळ्या जुन्या अधिकाऱ्यांच्या. आमच्या हवालदारांनी एक उचलली मात्र, अंकल किंचाळले, "हात नको लावू रे! वडा खाऊन आलास ना? पातं गंजेल, बाबा!"

अटकेपेक्षा दुसऱ्याच्या हातांची काळजी करणारा संशयित मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ठाण्यात चौकशी सुरू झाली. अंकलनी वही काढली. तीत प्रत्येक तलवारीची पावती चिकटवलेली, आणि पावतीवर पात्याच्या पाठीवर कोरलेला नंबर. सहा जुळल्या. सातवी नेमकी चोरीच्या वर्णनाशी मिळतीजुळती, मुठीला तसाच सोनेरी गोंडा. तिचीही पावती होती, पण पात्यावर नंबर दिसेना. भिंग लावलं, बॅटरी मारली, छे!

"घासून काढलात ना नंबर?" मी आवाज चढवला.

"आधीच्या मालकानं पॉलिश मारून मारून घालवला, साहेब. मी फक्त तेल लावतो. ते पण मशीनचं, खोबरेल नाय!"

"उद्यापर्यंत नंबर मिळाला नाही तर तुम्हाला अटक करावी लागेल. सकाळी हजर व्हा."

अंकलचा चेहरा पडला. "मला करा अटक. पण तुमच्या त्या मुद्देमालाच्या खोलीत ओल आहे. हिला तिथं नका ठेवू."

खरं सांगतो, मला म्हाताऱ्याची दया आली. पण दयेची नोंद स्टेशन डायरीत करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात शस्त्रपूजा. मी पोहोचलो तर रायफली, पिस्तुलं पाटावर मांडलेली, आणि त्यांच्या शेजारी सातवी तलवार! पाण्यात कालवलेलं कुंकू हवालदारांनी सढळ हातानं पात्यावर फासलेलं.

"अहो, तो मुद्देमाल आहे!"

"शस्त्रच आहे ना, साहेब? सगळ्यांची पूजा आणि ही एकटीच कपाटात? बरं दिसतं का?"

तेवढ्यात अंकल हजर झाले. त्यांनी कपाळावर हात मारला. "पाणी? अरे, पाणी लावलं हिला?" खिशातला रुमाल काढून ते पातं पुसायला लागले, आणि मध्येच थांबले. "साहेब, इकडे या."

पातं स्वच्छ झालं होतं, पण पाठीवरच्या बारीक रेघांत कुंकू अडकून बसलं होतं. लालभडक पाच आकडे. मी पावती धरली. पाचही जुळले.

पंचनाम्यात हे लिहायचं कसं? शेवटी लिहिलं, 'लाल भुकटीच्या साहाय्याने क्रमांक दृष्टोत्पत्तीस आला.' चोरीला गेलेली तलवार पुढे त्या बंगल्याच्याच माळ्यावर, पडद्याच्या दांड्यांत सापडली. अंकलनी आभार मानले नाहीत. ओल्या कुंकवावरून मला अर्धा तास झाडलं.

मी काय शिकलो? लबाड माणूस आधी स्वतःला वाचवतो. अंकल पहिल्या मिनिटापासून तलवारीला वाचवत होते. हे भिंगाशिवाय दिसत होतं, पण मी नंबर शोधत बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

निवृत्त झालो, पिस्तूल जमा केलं. पहिल्याच खंडेनवमीला घरी पूजेला काही नव्हतं. फार रिकामं वाटलं. दुपारी अंकलचा फोन आला, "या साहेब, पूजा मांडलीय."

गेलो. सात तलवारी आरशासारख्या लखलखत होत्या. सातवीच्या पाठीवरचे पाच आकडे मात्र अजून लाल होते.

मी पुढे झालो तसे अंकल ओरडले, "कुंकू कोरडं लावायचं हां! आणि आधी हात धुऊन या."