गंगीच्या चित्रावरची तीट

भूतबित मी मानत नाई. भुताचा आवाज काढून मास्तरले पळवणारा चांदूर बाजारातला पोट्टा मीच!

आमी माळी. अमरावतीच्या कँपात एका साहेबाच्या बंगल्यावर आमचा झेंडू जाये. त्याची मडम चित्रं काढे. एक दिवस माय न मी गेलो, संग माही चार वर्साची बहीण गंगी. मडमनं तिलेच फुलाच्या टोपलीपाशी बसवलं.

"टुम हिलटा क्यों है!" — ही नकल मी झकास करतो.

गंगीच्या गालाले मायनं तीट लावली होती. मडम म्हणे, "ये काला डाग पोंछो." माय कुरकुरली... पण मोठ्या घरचं गिऱ्हाईक. पदरानं पुसली.

चित्र जवळून पाह्यलं तं नुसते रंगाचे फटकारे. म्या म्हटलं, "गंगी हाय का सांडलेली खिचडी?" मडमनं हसत मले दहा पावलं मागं नेलं... अन् गंगी! उन्हानं डोळे बारीक केलेली, अस्सल.

त्याच संध्याकाळी तिले ताप भरला. तिसऱ्या दिवशी गेली.

मायनं काजळाची डबी विहिरीत फेकली. "तीट म्याच पुसली," एवढंच म्हणे. मंग तेही म्हणेनाशी झाली. मी नकला करत राह्यलो. कोणी हासे नाई. मीही नाई.

सहा महिन्यानं साहेबाची अकोल्याले बदली झाली. तिथं शेवंतीची रोपं द्यायले गेलो. चित्र भिंतीवर होतं. दुरून पाह्यलं — गालावर तीट!

"मडम, तुमी काढली?"

"हमने नहीं. दो बार साफ किया. फिर आता है."

जवळ गेलो. फटकाऱ्यात गाल कुठं, नाक कुठं, कळेना. काळा ठिपका तेवढा दिसे. बोट लावलं... ओलं.

गाडीत बोट सांभाळत घरी आलो. "माय, गंगीच्या चित्राले तीट लागली हाय. पुसली तरी येते."

मायनं बोट हुंगलं. "एरंडेलाच्या दिव्याचं काजळ... आपल्याच घरचं." रडली नाई. बोटावरचं काळं उचललं न माह्याच गालाले लावलं. मिसरूड फुटलेल्या घोड्याले तीट!

"पुसू नको."

"नाई पुसत."

दुसऱ्या दिवशी तिनं दिव्यावर नवं काजळ धरलं.

ते ओलं काजळ आलं कुठून, मले आजवर समजलं नाई. मडमचा, मास्तरचा, म्हणाल त्याचा आवाज काढून देतो... मायचं ते "पुसू नको" तेवढं जमत नाई.