मामांच्या नात्यात नसलेला माणूस

गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत आमच्या मामांचा नातेवाईक नसलेला एकही माणूस जन्माला आला नसेल. निदान मामांचं तसं ठाम मत होतं. समोर कोणी दिसला की "खंयचो रे तू? मूळ घर खंय? आवशीचा म्हायार खंयचा?" हे तीन प्रश्न यायचेच, आणि तिसऱ्याचं उत्तर पुरतं व्हायच्या आत मामा त्याच्या पाठीवर थाप मारून "मगे तू आमचोच!" म्हणायचे. फोंड्याच्या जत्रेत त्यांचं पाकीट मारलं गेलं आणि चोर पकडला गेला. तक्रार द्यायला चौकीत गेलेले मामा अर्ध्या तासानं चोरासाठी चहा आणि उंडे-पाव आणायला बाहेर आले, कारण तो त्यांच्या बहिणीच्या जावेच्या मावसदिराचा मुलगा निघाला होता. भाषेचा वाद पेटला होता तेव्हा डिचोलीच्या बाजारात एक मराठीवाला आणि एक कोंकणीवाला एकमेकांच्या अंगावर धावून गेले. मामांनी मध्ये पडून ते दोघे लांबचे साडू असल्याचं सिद्ध करून दाखवलं. त्यानंतर ते भाषेवरून कधी भांडले नाहीत. सासुरवाडीच्या माडांवरून मात्र अजून भांडतात.

अशा मामांना आयुष्यात एकाच माणसानं हरवलं. तो ब्रह्मदेशाचा. तिथल्या लष्करी राजवटीविरुद्ध पत्रकं छापली म्हणून पळालेला, आणि कलकत्त्याहून भटकत भटकत डिचोलीच्या एका खाणीवर ट्रक दुरुस्त करायला लागलेला. सगळे त्याला बर्मीबाब म्हणत. सिंधुदुर्गातून आलेल्या मजुरांत राहून तो फर्डी मालवणी शिकला होता, आणि त्या मजुरांना प्यायला पाणी नाही, रेशनकार्ड नाही म्हणून त्याच मालवणीत मॅनेजरशी भांडायचा. मामा त्याच खाणीच्या कचेरीत हजेरीबुक सांभाळत. त्यांचे तिन्ही प्रश्न या माणसापुढे फुकट गेले. तरी हार मानतील तर ते मामा कसले! त्यांचे एक आजेचुलते बोटीवर स्वयंपाकी होऊन रंगूनला गेले होते. तो धागा धरून त्यांनी विचारलं, "तुझ्या आज्याकडे कोण गोंयकार रांदपी होतो काय रे?" बर्मीबाब नम्रपणे म्हणाला, "मामानू, माझो आजोच दुसऱ्यांकडे रांदपी होतो." त्या दुपारी मामांनी ताटातल्या बांगड्याला हात लावला नाही.

मग गोवा घटकराज्य झालं. भायल्यांविषयी, म्हणजे बाहेरून आलेल्यांविषयी, कुजबुज वाढली, खाणवाल्यांनाही मॅनेजरशी भांडणाऱ्या या माणसाची कटकट नकोच होती, आणि एक दिवस बर्मीबाबला देश सोडायचा कागद आला. परत गेला तर तुरुंग ठरलेला. त्याचा भाऊ त्याच तुरुंगात गेला तो बाहेर आलाच नव्हता. पणजीला सुनावणी होती. इथला कोणी कायमचा रहिवासी बाजूनं बोलला तर बरं, असं वकील म्हणाला. मजूर स्वतःच परके, सगळे खाली मान घालून उभे राहिले. मामा म्हणाले, "मी येतंय." बसमध्ये सगळ्यांनी मामांना पढवलं: रंगूनच्या आजेचुलत्याचा नातू म्हणून सांगा, कोण तपासायला जातंय! मामा खिडकीबाहेर बघत बोटांवर कसली तरी नाती मोजत होते. मी, त्यांचा भाचा, शेजारीच बसलो होतो.

दारावरच्या पाटीवर सुनावणी घेणाऱ्या साहेबांचं आडनाव होतं, सरळसरळ फोंड्याकडचं. दोन प्रश्नांत साहेब मामांचा भाचा झाला असता. मी मामांना कोपरानं ढोसलं. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि जन्मात पहिल्यांदा कोणाला मूळ घर विचारलं नाही.

"हा तुमचा कोण लागतो?" साहेबांनी विचारलं.

"कोण नाय," मामा म्हणाले. "मी सगळा शोधून बघितलंय, सायबानू. कायएक नाता नाय. ह्येचा हयसर कोणच नाय, म्हणान तर मी इलंय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि मामांना बसायला खुर्ची दिली. निकाल त्या दिवशी लागला नाही. तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे, आणि अखेरीस तो कागद फायलीत पडला तो पडलाच. बर्मीबाब राहिला. मामांकडचं हजेरीबुक मात्र खाणवाल्यांनी काढून घेतलं आणि त्यांना जेटीवर खनिजाच्या बार्जी मोजायला बसवलं. तिथल्या लाल धुळीत खोकत ते निवृत्त होईपर्यंत खलाशांची कुळं काढत बसले. साहेबांना का नाही विचारलं, असं मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "भाचो म्हणान नको, सायब म्हणान सोडूंदे." मामांची थट्टा करण्यात माझी अर्धी हयात गेली, पण त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर फार जीव जडला.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. सुतकाच्या बाबतीत मामी अतिशय काटेकोर. मामा गेले त्या दिवशी सोप्यात बसून ती एकेकाला सांगत होती, तुला दहा, तुला तीन, तुला नुसती आंघोळ. तेवढ्यात बर्मीबाब आला. केस पिकलेले, दाढी वाढलेली. पायरीखालीच उभा राहून त्यानं विचारलं, "मामी, माका किती दिस?" तुला सुतक नसतं, हे मी त्याला समजावून सांगायला लागलो, तर मामीनं हातानं मला थांबवलं.

"धा," ती म्हणाली.

मला, सख्ख्या भाच्याला, तिनं तीनच सांगितले होते.