सिस्टरांचा आनंदाचा धडा

सुक्या बोंबलांचा वास आला की मला आमच्या समुद्रकाठच्या नवापूरचा, सन बासष्टच्या सुमाराचा धर्मशिक्षणाचा वर्ग आठवतो. "प्रभू जवळ आहे, म्हणून आनंदी राहा. सर्वांत आनंदी चेहऱ्याला येशूचं चित्र!" सिस्टर म्हणाल्या. मी जन्माचा नाटक्या; होते नव्हते तेवढे दात दाखवत बाकावर चढलो. शेजारची रोझी गप्पच होती. मी तिच्या ओठांचे कोपरे बोटांनी वर ओढले.

"हस गो, माकडतोंडे!" वर्ग खिदळला.

"तीन दिस झाले, बाची होडी नाय आली," ती पुटपुटली.

सिस्टर पुढे आल्या. तिच्या पायाशी जमिनीवर बसून राहिल्या.

होडी आलीच नाही.

आता धर्मशिक्षणाच्या वर्गात तो आनंदाचा धडा मी शिकवतो. सोंगं करून मुलांना हसवतोही. पण आधी गप्प असलेल्या पोराजवळ जमिनीवर बसतो.