हद्दीचे दगड

सावनेर रोडवरच्या माझ्या प्लॉटची सफाई करून घेताना मी हद्दीचे तिन्ही दगड उचलून फेकायला लावले.

टेलिहँडलर नावाचं ते लांब हाताचं छोटं मशीन घेऊन आलेल्या माणसाचं नावही मी विचारलं नव्हतं. झुडपं उपटायचा पंजा काढून बकेट लावायची झाली, की तो आधी दुपट्ट्यानं हात पुसायचा, जेवायला बसल्यासारखा. दगडांपाशी त्यानं मशीन थांबवलं.

“साहेब, दगड असे एका लाइनीत आपोआप नाही येत. राहू देऊ काय?”

“तू मशीन चालव गा. मले शिकवू नको.”

त्यानं मान हलवली. प्रत्येक दगड उचलल्यावर मात्र खाली उतरून त्या खड्ड्यात पळसाची एक फांदी रोवली. मला हसू आलं.

दुपारी शेजारच्या शेताची मालकीण तरातरा आली. “माया धुऱ्यावरचे, हद्दीचे दगड कोनं काढले?”

मी, चांगला शिकलासवरलेला माणूस, मशीनकडे बोट दाखवून मोकळा झालो. “यानं.”

माझ्याकडे त्यानं नुसतं पाहिलं असतं तरी बरं वाटलं असतं. ढिगातून दगड शोधून तो एकेक फांदी उपटून तिथं बसवू लागला. मग मात्र मला राहवेना. “बाई, मीच सांगितलं होतं,” मी पुटपुटलो. आणि चुकीची भरपाई म्हणून मदत करायला गेलो; एक दगड जरा डावीकडे असावा, असंही सुचवलं.

बाई त्याच्याकडे वळल्या. “तू खूण केली तिथंच बसव गा, भाऊ. या मानसाचं आयकू नको. यानं दगडासंगं तुलेबी फेकलं होतं.”