वळणावरचा खड्डा

परवा दारासमोर डांबर टाकलं आणि त्या वासाने दाभोळच्या वाटेवरची एक दुपार आठवली. मी मोटरसायकलवरून एकटीच निघाले होते. एका वळणावर डांबरीकरणाचं काम चालू होतं आणि पाण्याच्या मोरीसाठी अर्धा रस्ता खणून ठेवला होता. फलक सोडाच, साधा दगडही लावलेला नव्हता. खड्ड्यात एक अनोळखी माणूस स्वतःच्या मोटरसायकलखाली अडकला होता. गाडी ओढून काढली तर त्याचं मनगट उलटं वळलेलं. "ताई, आधी वळणावर उभ्या ऱ्हावा, नायतर आणखी कोण पडंल," तो कण्हत म्हणाला. मी तिथूनच आमच्या मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपवर कळवलं. लोट्याच्या कारखान्यातून शिफ्ट सुटलेले दोघे आले, मग दाभोळचे आले. एका रिक्षातून त्याला दवाखान्यात पाठवलं, तेवढ्यात ठेकेदाराचा मुकादम जीपमधून उतरला आणि हसत म्हणाला, "शौक करायचा तर पडायची तयारी ठेवायची." माझं डोकं सणकलं. मी गाडी रस्त्यात आडवी लावली. "फलक लागल्याशिवाय तुमचा एकही डंपर इथून जाणार नाही." "बाई, बाजूला व्हा," तो ओरडला. त्यावर बाकीच्यांनीही आपापल्या गाड्या माझ्या गाडीशेजारी आडव्या लावल्या. शेवटी मुकादमाने वळणावर लावायला फलक, पिंपं आणि लाल झेंडे मागवले. त्या माणसाच्या हाताला मात्र पुन्हा क्लच दाबता आला नाही. आता तो आमच्यापैकी कुणाच्या तरी मागे बसून सगळीकडे येतो, हसतो, गप्पा मारतो. त्याला असं मागे बसलेलं पाहिलं की माझं मात्र अजून तितकंच डोकं फिरतं.