दीड गुंठा हळद

आमच्या सात पिढ्यांनी शेती केली आणि आठव्या पिढीत मी जन्मलो. (त्यात शेतीचा काही दोष नाही.)

मारुंजीतली आमची बाकीची जमीन केव्हाच खोल्यांखाली गेली. घरामागे दीड गुंठा तेवढा उरला होता आणि तिथेही दादाला भाड्याच्या चार खोल्या काढायच्या होत्या. माझा जीव त्या तुकड्यात अडकलेला. मी म्हणालो, "हितं हळद लावू. फोडणीला हळद, घशाला हळद, जखमेला हळद!"

"आन भाड्याला?" दादाने विचारलं.

शेवटी ठरलं. आई ताईच्या बाळंतपणाला पौडला गेली होती. सव्वा महिन्याने ती परत येईपर्यंत हळद उगवली तर जागा माझी, नाहीतर खोल्या!

मी तडक किराणा दुकानात गेलो आणि कडक, पिवळीधमक हळकुंडं एकेक निवडून घेतली. ("एवढी? लगीन हाय का घरात?" दुकानदाराने विचारलं. मी नुसता गूढ हसलो.) सऱ्या काढल्या, शेणखत घातलं, हळकुंडं पुरली. सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू.

पंधरा दिवस झाले, काही नाही. महिना झाला, तरी काही नाही!

"उगवली का रं?" दादा रोज दात घासता घासता विचारायचा.

"मुळं धरतीया," मी सांगायचो.

एक दिवस तो टेप घेऊन आला आणि माझ्या सऱ्यांवरच बाथरूमची मापं घ्यायला लागला. मला रडू यायचंच बाकी होतं. मी पाणी दुप्पट केलं.

आई आली ती थेट मागे. पिशवी हातात तशीच ठेवून तिने सरीतलं एक हळकुंड उकरलं.

"ही कुटनं आणली?"

"दुकानातनं. एक नंबर माल हाय!"

"आरं येड्या, दुकानातली हळद उकडून वाळवल्याली आसती. उकडल्याली हळद उगवती व्हय?"

दादा हसून हसून खालीच बसला. माझी मान खाली गेली. जागा गेलीच म्हणायची.

आई मात्र ओल्या सऱ्यांकडे बघत राहिली. "रोज पाणी घातलंस?"

"दोन टाइम."

"सव्वा म्हैना?"

"व्हय."

ती दादाकडे वळली. "खोल्या न्हाई बांधायच्या. माहेरनं कच्चं बेणं आणते. औंदा हळद मी लावणार."

मी आनंदाने सरीतच उडी मारली. मग विचारलं, "आन मी?"

"तू पाणी घाल. शिजल्याल्या हळदीला सव्वा म्हैना पाणी घालणारा गडी मला दुसरा कुटं घावायचा?"